फिरत्या ताटाभोवती गोरेगाव

गोरेगावात शनिवारी रात्री कुठल्याही बऱ्यापैकी आशियाई रेस्टॉरंटमध्ये डोकवा. दाराशी नावं लिहून घेणारा मुलगा, बाकावर वाट पाहणारे आजी-आजोबा, आणि आत दहा-बारा जणांची टोळकी. पूर्वेला द्रुतगती महामार्गालगतचे मॉल, पश्चिमेला लिंक रोड आणि एस. व्ही. रोड, सगळीकडे हेच चित्र. नेस्को आणि निर्लॉनच्या आवारांतून सुटलेली ऑफिसची मंडळी असतात. निर्लॉनमध्ये एके काळी नायलॉनचा धागा निघायचा, आज तिथे संगणकांवर काम चालतं. दुपारी आलात तर भिशीच्या बायका भेटतील. बारावीचा निकाल, पहिला पगार, आजोबांची पंच्याहत्तरी, सगळं याच टेबलांवर साजरं होतं.

एखाद्या टेबलाच्या मधोमध काचेची किंवा लाकडाची गोल तबकडी असते. बोटानं ढकलली की फिरते. तिच्यावर नूडल्स, राईस, आणि हमखास मंचुरियन. ही तबकडी आणि मंचुरियन एकाच टेबलावर पाहिले की मला दर वेळी नव्यानं अचंबा वाटतो. फिरती तबकडी चिनी जेवणात यावी असं ज्या डॉक्टरनं सुचवलं, तो मंचुरियात प्लेगशी लढून नावारूपाला आला होता. आणि मंचुरियन नावाचा पदार्थ मंचुरियानं पाहिलेलासुद्धा नाही. तो चर्चगेटला जन्मला. दोघांची गाठ पडली ती आपल्या उपनगरातल्या टेबलावर.

आधी डॉक्टरांची गोष्ट. वू लिएन-ते यांचा जन्म १८७९ साली मलायातल्या पेनांग बेटावर झाला. केंब्रिजमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेणारे ते पहिले चिनी वंशाचे विद्यार्थी. १९१० च्या डिसेंबरात चीनच्या सरकारनं त्यांना मंचुरियातल्या हार्बिन शहरात पाठवलं. तिथे माणसं ताप आणि खोकल्यानं दोन-तीन दिवसांत मरत होती. हा प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरत नव्हता, तो माणसाच्या श्वासातून पसरत होता, हे वूंनी ओळखलं. कातड्यासाठी मार्मोट नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्याची शिकार चालायची, त्यातून तो माणसांत शिरला होता. वूंनी जाळीदार कापड आणि कापूस यांचा साधा मास्क तयार करून सगळ्यांना तो बांधायला लावला. मेस्नी नावाचे एक अनुभवी फ्रेंच डॉक्टर होते. त्यांनी मास्क बांधायचं नाकारलं आणि काही दिवसांतच ते प्लेगनं गेले. जमीन गोठलेली, प्रेतं पुरता येईनात. तेव्हा बादशहाची परवानगी काढून जानेवारी १९११ च्या अखेरीस दोन हजारांहून अधिक प्रेतं जाळली गेली. सुमारे ६०,००० माणसांचा बळी घेऊन ही साथ थांबली.

मुंबईकराला या गोष्टीतलं बरंच काही ओळखीचं वाटेल. हाच जंतू हाँगकाँगमार्गे १८९६ साली मुंबईत आला होता. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपल्या लशीची सुई आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचंच नाव चालवते. पुण्यात रँडचा जुलूम आणि चापेकर बंधू, हे तर शाळेपासून आपल्याला माहीत आहे. मुंबईच्या नशिबी आलेला प्लेग आणि हार्बिनचा प्लेग एकाच जंतूचे.

साथ ओसरल्यावर वू लिएन-ते यांचं लक्ष गेलं जेवणाच्या टेबलाकडे. चिनी कुटुंबात मधे चार-सहा भांडी असतात आणि प्रत्येक जण आपल्या काड्यांनी त्यातून थेट घास उचलतो. काडी तोंडात जाते आणि पुन्हा भांड्यात जाते. रोगाच्या जंतूंना याहून चांगली वाट कोणती? पण चिनी माणसाला वेगवेगळ्या ताटांत जेव म्हटलं तर जेवणातली मजाच संपली. १९१५ च्या सुमारास वूंनी त्यावर तोड सुचवली: मधोमध फिरती तबकडी ठेवा, प्रत्येक भांड्याला स्वतःचा चमचा द्या, आणि तोंडात जाणारी काडी भांड्यात घालू नका.

हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे माझ्या लहानपणीचं स्वयंपाकघर उभं राहिलं. उष्टा हात भांड्यात घालायचा नाही, वाढायला डावा हात वापरायचा, पातेल्यातला डाव चाटायचा नाही. केंब्रिजला शिकलेला डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून ज्या नियमापाशी पोचला, तो आमच्या आज्यांनी सोवळ्या-ओवळ्याच्या भाषेत पाळला होता. त्या भाषेत माणसामाणसांत भेद करणारं पुष्कळ काही होतं, आणि ते टाकून दिलं हे फार बरं झालं. पण उष्ट्याचा नियम मात्र टेबलावर बसतानाही बरोबर न्यावा असा आहे.

आपली पंगत आणि चिनी गोल टेबल यांची तुलना करण्यासारखी आहे. पंगतीत माणसं जागच्या जागी बसतात आणि अन्न चालत येतं. वाढपी रांगेतून फिरतो, प्रत्येकाचं पान वेगळं, मीठ-लिंबू-चटणीची जागा ठरलेली. चीनमध्येही फार पूर्वी असंच होतं. माणसं चटईवर बसत आणि प्रत्येकापुढे आपलं वेगळं छोटं चौरंगासारखं मेज असे. मग तांग आणि सोंग राजवटींच्या काळात उंच खुर्च्या आणि मोठी टेबलं रुळली. माणसं एका टेबलाभोवती आली, आणि भांडी मधे सरकली. म्हणजे एकत्र वाटून खाण्याची ही रीत चीनमध्ये अनादी नाही, लाकूडकामातल्या बदलाबरोबर आलेली आहे! फिरती तबकडी आल्यावर वर्तुळ पुरं झालं. माणसं पुन्हा स्थिर, आणि अन्न पुन्हा चालतं.

पण तबकडी फिरायलाच हवी, यामागे भूमितीही आहे, आणि ती मला जंतूंच्या गोष्टीइतकीच सुंदर वाटते. जेवायला बसलेल्या माणसाला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी लागते. आठ माणसं गोल बसली तर परीघ ४.८ मीटर झाला, म्हणजे व्यास दीड मीटर. मध्यबिंदू प्रत्येकापासून पाऊण मीटरवर. हात लांब केला तर जेमतेम पोचतो. आता बारा माणसं बसवा. परीघ ७.२ मीटर, व्यास २.३ मीटर, आणि मधली वाटी मीटरहून जास्त लांब गेली. कुणाचाच हात पोचत नाही. माणसं दुप्पट केली की व्यास दुप्पट होतो आणि टेबलाचं क्षेत्रफळ चौपट. जितकी माणसं जवळ करावीत तितकं अन्न दूर पळतं! यावर उत्तर एकच, ते पळणारं अन्न फिरवत प्रत्येकापुढे आणायचं.

वूंच्या सूचनेला प्रत्यक्ष हॉटेलात रुळायला मात्र बराच काळ जावा लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये जॉनी कान यांनी १९५३ साली रेस्टॉरंट काढलं. सोया सॉसच्या धंद्यातले त्यांचे एक मित्र, जॉर्ज हॉल, इंजिनियर होते. त्यांनी तळघरात खटपट करून बॉल बेअरिंगवर फिरणारी तबकडी बनवली. तिथून ती जगभरच्या चिनी हॉटेलांत गेली. मलायात जन्मलेल्या डॉक्टरची कल्पना, अमेरिकेतलं बेअरिंग, आणि आज आपण तिला अस्सल चिनी परंपरा समजतो.

आता तबकडीवरच्या वाटीकडे या. भारतातल्या चिनी वस्तीची सुरुवात बंगालमध्ये झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अच्यू नावाचा चिनी माणूस तिथे आला, त्याला वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळाली, त्यानं साखरेचा कारखाना काढला. कोलकात्याजवळच्या त्या गावाला अजूनही अछीपूर म्हणतात. पुढे हक्का लोक आले, टांग्रा भागात त्यांनी कातडं कमावण्याचे कारखाने काढले. मुंबईत चिनी वस्ती लहान होती, माझगावच्या बंदराच्या आसऱ्यानं राहणारी. तिथे १९१९ सालचं त्यांचं देऊळ आजही आहे. १९६२ च्या युद्धानंतर या आपल्याच माणसांवर संशय घेतला गेला. सुमारे ३,००० जणांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. पुष्कळ जण नंतर देश सोडून गेले. ज्यांचं जेवण आपण इतक्या आवडीनं खातो, त्यांच्याशी आपण असं वागलो, हे टेबलावर कधी तरी बोललं गेलं पाहिजे.

जे राहिले, त्यांच्यापैकी कोलकात्याचे नेल्सन वाँग सत्तरच्या दशकात मुंबईत आले. चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते स्वयंपाक पाहत. १९७५ साली कुणी गिऱ्हाइकानं काही तरी नवं मागितलं. त्यांनी आपल्याकडच्या भाजीसारखी सुरुवात केली, हिरवी मिरची, आलं, लसूण. पण गरम मसाला घालायच्या वेळी हात थांबवला आणि सोया सॉस ओतला, वर कॉर्नफ्लोअर लावून रस दाट केला. चिकन मंचुरियन झालं. पुढे त्यांनी केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन काढलं आणि हा पदार्थ देशभर गेला. मग चिकनच्या जागी फ्लॉवर आला, कोबी-गाजराचे गोळे आले. गोरेगाव स्टेशनाबाहेरच्या गाडीपासून लग्नाच्या बुफेपर्यंत कुठेही हे गोळे आता सापडतात. मला हा पदार्थ अस्सल वाटतो. कोलकात्यात वाढलेल्या चिनी माणसानं मुंबईच्या जिभेसाठी केला, याहून अस्सल काय असतं?

शेजवानची गोष्ट याहून विलक्षण आहे, आणि तिचं कोकणाशी थेट नातं आहे.

सत्तरच्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या गोल्डन ड्रॅगनमध्ये सिचुआन, म्हणजे आपल्या बोलीतल्या शेजवान, प्रांताचं तिखट जेवण आलं. तोवर मुंबईत चिनी म्हणजे सौम्य, कँटनच्या धाटणीचं. तिखट म्हटल्यावर मुंबईनं ते उचललंच. पण हॉटेलातून गाडीवर येता येता त्यातली एक वस्तू गळून गेली. सिचुआनच्या स्वयंपाकात लाल मिरचीबरोबर एक छोटं, तांबूस, उकललेलं फळ असतं. ते खाल्लं की जीभ बधिर होते, ओठांवर मुंग्या धावतात. आपल्या शेजवान चटणीत सुकी मिरची आहे, लसूण आहे, व्हिनेगर आहे, पण मुंग्या नाहीत.

आता बांगड्याची आमटी आठवा. मालवणी किंवा गोव्याकडच्या घरात बांगड्याच्या, तारल्याच्या कालवणात तिरफळं पडतात. आई आधी आतली काळी बी काढून टाकते, कारण चव सालीत असते. घास घेताना चुकून तिरफळ दाताखाली आलं तर जीभ झिणझिणते. ते सिचुआनचं फळ आणि आपलं तिरफळ एकाच वंशातले, सख्खे भाऊ म्हणावेत असे. तिथेही बी टाकून देतात आणि साल वापरतात. दोन्ही झाडं लिंबाच्या कुळातली, आणि त्याच कुळात बेल, कवठ आणि कढीपत्ताही येतात. म्हणजे गोरेगावातली एखादी मालवणी आजी चटणीत काय राहून गेलंय ते ओळखू शकते, कारण ती वस्तू तिच्या मसाल्याच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

या मुंग्यांचा छडा लंडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली लावला. त्यांनी माणसांच्या ओठाला सिचुआनच्या फळाची पूड लावली आणि बोटावर एक थरथरणारं यंत्र ठेवलं. मग विचारलं, ओठावरच्या थरथरीशी बोटावरची थरथर कधी जुळते? उत्तर आलं, सेकंदाला सुमारे ५० वेळा. या फळातला सांशूल नावाचा घटक चवीच्या पेशींना बाजूला ठेवून थेट स्पर्शाच्या नसांना गाठतो. कुणी ओठाला हात लावलेला नसतो आणि मेंदूला वाटतं ओठ थरथरतोय! चव, वास आणि स्पर्श या तिघांच्या सीमा एका फळानं पुसून टाकल्या.

आणि मिरची? ती ना सिचुआनची, ना कोकणची. अमेरिका खंडातली वनस्पती, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आशियात आली. तिच्या आधी दोन्हीकडे मिरे आणि हे मुंग्या आणणारं फळ होतं. पाहुणी आली आणि दोन्ही घरांत मालकीण होऊन बसली. सिचुआननं जुनं फळ मिरचीशेजारी ठेवलं, आपण ते माशापुरतं राखलं. एखाद्या गोरेगावच्या रेस्टॉरंटनं शेजवान चटणीत तिरफळ घालून पाहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. कोकण आणि सिचुआन एका वाटीत येतील.

असे सोयरेसंबंध सगळ्या मेन्यूभर पसरले आहेत. डिमसममधला कोलंबीचा पारदर्शक मोदकासारखा प्रकार, हार गाव, घ्या. त्याच्या आवरणासाठी गव्हाच्या आणि टॅपिओकाच्या स्टार्चवर उकळतं पाणी ओततात आणि गरम असतानाच मळतात. हीच आपली उकड. थंड पाण्यात ही पिठं मळली तर भुगा होतो, कारण त्यांच्यात धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं. उकळत्या पाण्यानं स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि पारी लाटता येते. कँटनचा आचारी पाऱ्यांना किती चुण्या पडल्या ते मोजतो, आपल्याकडे सुगरणीच्या मोदकाच्या कळ्या मोजतात. फ्राईड राईसचं तंत्रही घरचंच. ताजा भात कढईत लगदा होतो. आदल्या दिवशीचा भात थंड होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि शितं सुटी राहतात. म्हणूनच फोडणीचा भात शिळ्या भाताचा. २०२० साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांनी आचाऱ्यांच्या कढई उडवण्याचं चित्रण करून हिशेब मांडला, तर एक झोका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात पुरा होतो. हजार अंशांहून गरम ज्वाळेवर शितं करपत नाहीत, कारण ती बराच वेळ हवेत असतात. हे करता करता आचाऱ्यांचे खांदे मात्र झिजतात. गाडीवर भरभरणाऱ्या बर्नरसमोर उभ्या पोराचा हात पुढच्या वेळी नीट बघा.

खाऊ स्वे हा नारळाच्या दुधातला ब्रह्मी प्रकार आता गटांच्या फार आवडीचा झाला आहे, कारण वर काय घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. १९४२ च्या युद्धात आणि नंतर साठच्या दशकात ब्रह्मदेशातून परतलेल्या भारतीय कुटुंबांनी तो आपल्याबरोबर आणला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा तर १८८६ पासून १९१६ पर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता, तिथेच वारला. त्याच्या राजवाड्यात काय शिजत असेल, हा विचार मला दर वेळी ती वाटी पुढे आली की येतो.

आता टेबलाभोवतीच्या माणसांकडे येऊ, कारण खरं अवघड काम तेच आहे. बारा जणांचं एक टेबल घेतलं की आपण एकत्र बसलो असं वाटतं. पण रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली विद्यापीठाच्या भोजनगृहांत गप्पांचं निरीक्षण केलं, तेव्हा दिसलं की एका गप्पेत साधारण चारच माणसं टिकतात. पाचवा आला की गप्पा फुटून दोन होतात. बारा जणांच्या टेबलावर तीन-चार संमेलनं एकाच वेळी चालतात. गोल टेबलाची खुबी इथे कळते. तुमच्या गप्पा शेजारच्यांशी चाललेल्या असतात, पण समोरच्याचा चेहरा दिसत राहतो, आणि तबकडी फिरवण्यासाठी का होईना, पलीकडच्या माणसाकडे दर दोन मिनिटांनी बघावंच लागतं. "थांब, वहिनी घेतायत," एवढ्या एका वाक्यानं चार संमेलनं क्षणभर एक होतात.

मॉलमधल्या बहुतेक रेस्टॉरंटांत मात्र जागा कमी. वेटर चार-चारची टेबलं जोडून लांब रांग करतो. ही झाली आपली पंगत, फक्त वाढपी नसलेली. या टोकाला आलेला चिली पोटॅटो त्या टोकाला पोचेपर्यंत वाटी रिकामी. माझं ठाम मत आहे की रांगेत बसायची वेळ आली तर प्रत्येक पदार्थ दोनदा मागवावा, एक एका टोकाला, एक दुसऱ्या. पदार्थांची संख्या निम्मी करा, पण वाट्या दोन ठेवा.

ऑर्डर द्यायची वेळ आली की गोरेगावच्या गटाचा खरा नकाशा उलगडतो. एकाचा सोमवार, दुसरीची चतुर्थी, तिसरा जैन, चौथ्याला अंडं चालतं पण चिकन नाही, पाचव्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. जैन शेजवान म्हणजे कांदा-लसणाशिवाय. इथले वेटर ते न विचारता समजून घेतात. शाकाहाऱ्यांनी मात्र काही गोष्टी विचारून घ्याव्यात, कारण आशियाई स्वयंपाकात मासा दिसत नाही तिथेही असतो. थाई करीच्या वाटणात मूळ रीतीनं कोलंबीची आंबवलेली पेस्ट असते. पारंपरिक किमचीत खारवलेली कोलंबी किंवा माशाचा रस पडतो. मिसो सूपचं पाणी पुष्कळदा सुकवलेल्या माशाचं. हक्का नूडल्समध्ये अंडं असू शकतं. हे सगळं भाज्यांनी भरलेल्या वाटीत नुसतं बघून कळत नाही. उपासवाल्यासाठी एक गंमत सांगतो: बबल टीमधले काळे मणी टॅपिओकाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्याच पिठाचे असतात. चहा आणि मण्यांत मुरवलेली साखर उपासाला चालते की नाही हे ज्याच्या त्याच्या घरचा नियम ठरवील.

तबकडीवर सामिष आणि निरामिष शेजारी येतात तेव्हा वू लिएन-ते यांची काळजी वेगळ्या रूपात परत येते. चिकनमधला चमचा नकळत पनीरमध्ये गेला की कुणाचं तरी जेवण संपतं, आणि ती व्यक्ती बहुधा काही बोलत नाही, फक्त नुसता भात खाते. हे मला फार लागतं. एवढी वेळ येऊ नये म्हणून सुरुवातीलाच तबकडीचा अर्धा भाग निरामिष ठरवावा आणि चमचे मोजून मागवावेत.

शेवटी बिल. तरुण मंडळींचं टीटीएमएम, तुझं तू माझं मी, कधी चालतं, कधी नाही. तीन अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमध्ये केलेला आणि २००४ साली छापलेला प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या सहा-सहा जणांना त्यांनी जेवायला बसवलं. ज्याचं त्यानं भरायचं होतं तिथे माणशी सरासरी सुमारे ३७ शेकेलचं जेवण झालं. बिल सारखं वाटायचं ठरलं तिथे सुमारे ५१ शेकेल. आणि दुसराच कुणी भरणार होता तिथे ८२! लोभी माणसंच असं करतात असं नाही. एका पदार्थाच्या किमतीचा सहावा हिस्साच आपल्या खिशातून जाणार असेल, तर तो पदार्थ कुणालाही स्वस्त वाटतो. आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना ज्याचं त्यानं भरणंच पसंत होतं.

पण हा प्रयोग अनोळखी लोकांचा, आणि प्रत्येकानं आपापला पदार्थ मागवायचा. गोल टेबलावर तसं नसतं. तिथे मी मागवलेलं मीच खाणार नसतो, सगळे खाणार असतात, आणि मी काय मागवतो हे सगळे बघत असतात. वाटून खाल्लं की हिशेब डोळ्यांसमोर होतो. चिनी मंडळींत बिलासाठी पाहुणे आणि यजमान ओढाताण करतात. आपल्याकडेही काका खिशात हात घालतात, मामा त्यांचा हात धरतात, आणि तेवढ्यात भाचा फोनवरून पैसे भरून मोकळा झालेला असतो. ज्या गटात कुणाचा पगार कमी आहे, कुणी फक्त सूप आणि भात घेतला आहे, तिथे मात्र सारखा वाटा काढणं अन्यायाचं आहे. वन बाय टू सूप घेणाऱ्याला बदकाच्या मांसाचे पैसे भरायला लावू नयेत.

तेव्हा गोरेगावात मंडळी घेऊन जाणार असाल, तर आधी फोन करून फिरत्या तबकडीचं टेबल आहे का ते विचारा आणि दहा जणांपर्यंत तेच मागा. दहाच्या वर गेलात तर सरळ दोन टेबलं घ्या, आणि मधेच जागा बदला. आजीला वातानुकूलन यंत्राच्या झोताखाली बसवू नका. तबकडी ढकलण्याआधी कुणाचा चमचा वाटीत आहे का ते बघा. आणि बसल्या बसल्या वेटरला पहिली गोष्ट सांगा: दादा, प्रत्येक डिशला वेगळा चमचा आणा. त्याचे पैसे लागत नाहीत.